सिस्टरांचा नाग

सेलूच्या सिस्टरांचा नाग मी मारला. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, जिनिंगमधल्या सोबत्यांना नाही, आणि सिस्टरांना तर नाहीच नाही. नाग खरा नव्हता, टीव्हीवरच्या एका खेळातला होता. एवढं म्हटलं की ऐकणारा हसून मोकळा होईल, हे मला ठाऊक आहे. मीही पुष्कळदा तसं हसून पाहिलं. मोकळं काही वाटलं नाही.

सिस्टर म्हणजे माझ्या घरमालकीण. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, बाळंतपणाच्या वॉर्डात. निवृत्त झाल्या तरी गाव त्यांना सिस्टरच म्हणायचं. आसपासच्या खेड्यांतलं कुणीही भेटलं की त्या आधी त्याच्या डोक्याकडं बघत. "हे डोकं म्या वडलंय," असं सांगत. बँकेच्या साहेबाला त्यांनी भर काउंटरवर विचारलं होतं, "आडवा व्हतास तू. आता सरळ चाललंय ना?" साहेबानं त्यांचं काम तेवढ्यातल्या तेवढ्यात करून दिलं.

मी तिथल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मुनीम होतो. कापसाचा हंगाम असला की जेवायला फुरसत नसते, आणि हंगाम सरला की गेटकडं बघत बसायचं. परभणीहून रोज रेल्वेनं येणं-जाणं पाठीला सोसेना, म्हणून सिस्टरांकडची बाहेरची खोली घेतली. बायकापोरं परभणीतच राहिली. खोली दाखवताना त्यांनी मला विचारलं, "बिडी वढता का?"

"नाही."

"घोरता?"

"थोडं."

"खोटं बोलता?"

"नाही," मी म्हणालो. तेव्हा ते खरं होतं.

घरात शिरण्याआधी ओट्यावर उभं राहून अंगावरचा कापूस झाडायचा, एवढाच त्यांचा नियम. केसांत तंतू राहिला असेल तर त्या स्वतः उचलून टाकत. छातीवर उलटं लटकणारं नर्सचं घड्याळ त्यांनी सोडलं नव्हतं. साध्या लुगड्यावरही ते लावलेलं असे.

आता खेळाचं. त्यांचा मुलगा परदेशी नोकरीला गेला तेव्हा टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र मागं ठेवून गेला. हे कुणाला देऊन टाकू का, असं त्यांनी फोनवर विचारलं. तो म्हणाला, "राहू दे आई. तुला वाटलं तर बघ सुरू करून. पण तुला नाही जमणार, मलाच जमलं नाही." झालं. पायाळू बाळाला तालुक्याच्या डॉक्टरांनी 'नाही जमणार' म्हटलं की ज्या बाह्या सावरायच्या, त्या बाई होत्या या.

खेळ असा होता: एक तलवारीचा गडी. पडक्या राज्यात तो एकटाच हिंडतो. वाटेत चालते सांगाडे, चेटकिणी, दगडाचे पहारेकरी. खेळ कमालीचा अवघड. पहिल्या फाटकावरचं कुत्रंच कितीतरी दिवस आत जाऊ देत नाही. गडी मेला की एका जुन्या विहिरीच्या काठावर जागा होतो आणि पुन्हा तीच सगळी वाट तुडवायची. खेळात जी अक्षरं येत ती सगळी इंग्रजी, आणि सिस्टरांचं इंग्रजी औषधांच्या नावांपुरतं. ती वाचून दाखवायला सिस्टरांनी मला बोलावलं, आणि मी त्यात अडकलो.

अडकलो म्हणजे बेजार झालो. मी हिशेबाचा माणूस. एक आकडा चुकला तर माझी झोप जाते. आणि इथं तर चुकण्याशिवाय काही घडतच नव्हतं. सिस्टरांनी मला माझा वेगळा गडी उघडून दिला होता. तो मेला की मी हातातलं कंट्रोल खाली ठेवून द्यायचो, चोरी पकडली गेल्यासारखा. सिस्टर बाजूच्या खुर्चीतून विचारत, "कशानं गेला?"

"कुत्र्यानं मारला."

"कुत्रं सगळ्यांनाच मारायलंय. हा कशानं गेला?"

"नशीब."

"नशीब लिहिलं तर डॉक्टर सही करत नसतो, मुनीमजी. घाईनं गेला, हावंनं गेला, का न बघता गेला?"

त्यांच्या मते मरणाची कारणं एवढीच होती. चौथं त्यांना सापडलं नव्हतं. कारण सांगितल्याशिवाय गड्याला पुन्हा उठवायची परवानगी नसे. मी चरफडत म्हणायचो, "घाईनं." मग त्या खूश. "सापडलं ना? मग रडायलाव कशाला? आता घाईनं मरू नका. दुसऱ्या कशानंबी मरा."

दुपारच्या चहाला शेजारचे अण्णा यायचे. एसटीत ड्रायव्हर होते. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं, पण गप्प बसणं त्याहून अवघड जायचं. "सिस्टर, रिव्हर्स घ्या, रिव्हर्स! म्होरं खड्डा हाय!" असं ते ओरडायचे, आणि गडी खड्ड्यात. माझी खेळी सुरू असली की ते बशीतला चहा फुंकत म्हणायचे, "मुनीमजी, आज किती डाव मेलाव? आमच्या वक्ताला माणूस एकदाच मरायचा. तेवढ्यावर घरच्यांना पेन्शन तरी मिळायची."

"तुमी गप बसा अण्णा. तुमाला ब्रेक सोडून काय येत न्हाई."

"ब्रेकमुळंच जित्ता हाव ना!"

खेळात औषधाच्या लाल कुप्या मिळत. गड्याच्या अंगाला ओरखडा आला तरी मी त्याला एक प्यायला लावायचो. सिस्टर माझ्या हातावर चापट मारत. "औषध काय शरबत हाय का?" त्यांच्या गड्याच्या पिशवीत कुप्यांचा ढीग साठलेला असे. गडी मरणाच्या दारात उभा असला तरी त्या आधी त्याच्याकडं निरखून बघत, आणि मग फार तर एक कुपी देत. खेळात एक भिकारी भेटतो. त्याला मात्र त्यांनी विचार न करता सगळ्या कुप्या देऊन टाकल्या, कारण तो खोकत होता.

लढाईत त्यांची जी रीत होती ती मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. मोठा राक्षस समोर आला की त्या तलवार उचलतच नसत. ढाल धरून नुसतं बघत राहायच्या, छातीवरचं घड्याळ हातात धरून. तो कधी अंगावर येतो, कधी मागं सरतो, त्याला धाप कधी लागते. मग एकदम मला म्हणत, "आली बघा कळ. आता जोर!" आणि तलवार चालायची. राक्षस मागं सरला की लगेच हात थांबायचे. "कळ गेली. आता दम खा. कळ नसताना जोर लावला की बाई बी थकती, लेकरू बी अडकतं." सगळा खेळ त्या असा खेळल्या. कळ आली की जोर, कळ गेली की दम. बाळंतपणाच्या टेबलाशी ज्या आवाजात त्या बोलत असतील, त्याच आवाजात त्या सांगाड्यांशी बोलायच्या.

आणि मग तो नाग. पडक्या राज्याच्या शेवटाला एक बुडालेलं देऊळ होतं. पायऱ्या पाण्यात उतरत गेलेल्या, मधे कोरीव खांब, आणि खांबांना विळखे घालून बसलेला एक अवाढव्य हिरवा नाग. त्याच्यापुढं सिस्टरांचा गडी उन्हाळ्यापासून मरत होता. मरता मरता त्यांना त्याचा लळा लागला. नागपंचमी आली तेव्हा आदल्या दिवशी बायका भावासाठी धरतात तो उपास त्यांनी धरला. त्यांना सख्खा भाऊ नव्हता. पंचमीला घरात काही चिरलं नाही, तळलं नाही. दुपारी त्या गड्याला घेऊन देवळात गेल्या, तलवार म्यानात घातली आणि पायरीवर नुसत्या उभ्या राहिल्या.

नागानं गड्याला गिळलं.

"अधर्मी!" सिस्टर म्हणाल्या. "आजच्या दिवशी बी सोडत न्हाई." पण हसत होत्या. त्या दिवसापासून त्यांनी त्याचं नाव 'भाऊ' ठेवलं. "आज भावाकडं जायचंय," म्हणून त्या दुपारचं लवकर आवरून बसत.

चारठाणा त्यांचं माहेर. तिथल्या जुन्या देवळांचे खांब त्या लहानपणापासून बघत आल्या होत्या. खेळातलं देऊळ अगदी तसलंच आहे, असं त्यांचं ठाम मत. एकदा त्यांनी मला एसटीत घालून तिथं नेलं. मला वाटलं, दर्शनाला. देवळाच्या मंडपात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "तुमी भाऊ व्हा."

"मी?"

"मग म्या व्हऊ? मला मारा चुकवायचाय."

मी आजूबाजूला पाहिलं. कोपऱ्यात एक म्हातारी वाती वळत बसली होती. मी हाताचा फणा केला. "नीट करा की! भाऊ काय राम राम घालायलाय का?" मग मी जरा वाकून, फणा डोलवत त्यांच्या अंगावर गेलो. सिस्टर लुगड्याचा घोळ सावरून खांबाआड. मी वळसा घातला, त्या दुसऱ्या खांबाआड. आम्ही दोघं घामाघूम होईस्तोवर हे चाललं. वातीवाली म्हातारी शेवटी उठून आली. "काय झालंय वो यांना?"

"काही न्हाई मावशी," सिस्टर धापा टाकत म्हणाल्या. "तब्येत दाखवायला आणलंय."

मी आयुष्यात चारचौघांत कधी काही केलेलं नाही. लग्नाच्या वरातीतही दिव्यांची बॅटरी ढकलणाऱ्याच्या मागून चाललो. पण परतीच्या एसटीत मला हसू आवरेना. सिस्टरांनी खिडकीकडं बघत विचारलं, "भावाचं तोंड कसं हाय वो? मला नुसता हिरवा ढग दिसतो."

तेव्हा मला कळलं की त्यांना नीट दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. त्या सगळी लढाई आवाजावर आणि अंदाजावर खेळत होत्या. मी म्हणालो, "सापासारखं आहे." मी तरी नागाचं तोंड कुठं पाहिलं होतं? माझं लक्ष कायम वरच्या कोपऱ्यात, गड्याचा जीव किती उरला ते दाखवणाऱ्या पट्टीवर. शिल्लक बघायची सवय.

"डोळे करून घेते," त्या म्हणाल्या. "आधी त्याचं तोंड बघते. मग मारायचं का न्हाई ते ठरवते."

डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी त्या जालन्याला लेकीकडं गेल्या. एक डोळा, मग दुसरा, मग आराम, असा मुक्काम लांबला. जाताना किल्ली माझ्याकडं दिली. "तुळशीला पाणी घाला. यंत्रावर धूळ बसू देऊ नका, तुमचा गडी खेळवत जा. माझ्या भावाला तेवढा हात लावू नका. म्या आल्याबिगर देवळात पाय ठेवायचा न्हाई."

"नाही ठेवणार," मी म्हणालो.

चैत्र संपत आला होता. जिनिंग बंद. माझा गडी अजून फाटकाच्या पुढं फारसा गेला नव्हता. एका दुपारी मी यंत्र सुरू केलं आणि माझा गडी उघडण्याऐवजी सिस्टरांचा उघडला. मनाशी म्हटलं, नागाचं तोंड बघून ठेवू. फोनवर सांगता येईल, आजारी माणसाला तेवढाच विरंगुळा. असं मी स्वतःला खरोखर सांगितलं.

गडी पायऱ्या उतरला. नाग वर आला. पहिल्यांदाच मी पट्टीकडं न बघता त्याच्याकडं पाहिलं. त्याचं तोंड रागीट नव्हतं. म्हातारं होतं. आणि त्याच्या एका डोळ्यावर पांढरी साय होती.

नागालाही मोतीबिंदू होता.

तिथंच मला परत फिरायला हवं होतं. ही बातमी घेऊन जालन्याला फोन केला असता तर सिस्टर ऑपरेशनच्या टेबलावरून उठून बसल्या असत्या. पण माझ्या ध्यानात दुसरंच आलं: त्या बाजूनं त्याला दिसत नाही. मी गड्याला त्या बाजूच्या खांबाआड नेलं. नाग मला शोधत राहिला. कळ आली, मी जोर लावला. कळ गेली, मी दम घेतला. हात आपोआप चालत होते. चारठाण्याच्या मंडपातले सगळे वळसे पायांत आले. मधे गडी दोनदा मरता मरता राहिला आणि मला भीती वाटण्याऐवजी मजा वाटली. मजा! माझ्यासारख्या माणसाला! हा अवघड, खुनशी खेळ लोक का खेळतात ते मला त्या दुपारी कळलं. एवढा आनंद मला आधी कधी झाल्याचं आठवत नाही. आणि तो परक्याच्या ताटातला होता.

नाग पडला तेव्हा मी ओरडलो. रिकाम्या घरात, कंट्रोल डोक्यावर धरून. मग पडद्याच्या कोपऱ्यात ती छोटी खूण फिरली, खेळ आपोआप जतन होतो तेव्हा फिरते ती. देवळातलं पाणी हळूहळू स्थिर झालं. गड्याच्या पिशवीत नागाचा मणी आला होता. मागं जायची वाट त्या खेळात नाही. मी मॅन्युअल पाहिलं, यंत्र बंद करून परत चालू केलं, पुन्हा विहिरीपासून देवळापर्यंत चालत गेलो. पाणी तसंच. मग उठून तुळशीला पाणी घातलं. सकाळी घातलेलं होतं.

सिस्टर काळा चष्मा लावून परत आल्या. घरभर हिंडून रंग बघितले. "ही भिंत पिवळी हाय व्हय? म्या पांढरी म्हणून सांगत व्हते पेंटरला." अण्णांना बघून म्हणाल्या, "तुमी लय म्हातारे झालाव की!"

"तुमी डोळे केल्यावर झालो," अण्णा म्हणाले.

मग हात धुऊन त्या खुर्चीत बसल्या. "चला, भावाकडं." मी मागं उभा होतो. त्यांचा गडी विहिरीवरून निघाला, पायऱ्या उतरला, पाण्याच्या काठाशी थांबला. त्या घड्याळ हातात धरून वाट बघत राहिल्या.

"येईना की वो."



त्यांनी गड्याला सगळ्या खांबांभोवती फिरवून आणलं. एकेका खांबाआड बघितलं. मग खुर्चीतून माझ्याकडं वळल्या. काळ्या चष्म्यातून त्यांचे डोळे दिसत नव्हते. "कशानं गेला?"

वर्षभर मी या प्रश्नाला खरं उत्तर देत आलो होतो. उत्तर ओठावर होतं. मी म्हणालो, "माहीत नाही. यंत्रात आपोआप काहीतरी बदल होत असतात."

"आपोआप?"

"हो."

त्यांनी पाण्याकडं बघितलं. "म्हातारा झाला व्हता," म्हणाल्या.

अण्णांनी चेष्टा केली, "सिस्टर, सुतक धरता का मग?"

त्या उठून न्हाणीत गेल्या. डोळ्यांना पाणी लागू द्यायचं नव्हतं म्हणून डोक्यावरून घेतलं नाही, नुसते पाय धुऊन आल्या. अण्णांची बशी हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांना पिशवीत मणी दिसला. "हे नवीन काय हाय? वाचा बरं." पडद्यावर स्वच्छ लिहिलं होतं, नागराजाचा मणी, ज्यानं त्याला मारलं त्याच्यासाठी. मी वाचलं, "दगड आहे. साधा."

"साधा दगड इतका चकाकतो?" त्यांनी चष्मा वर करून बघितला. "न्हाई, माझाच डोळा नवा हाय. मला सगळंच चकाकायलंय."

त्यांना कळलं होतं का? मला माहीत नाही. जन्मभर बायकांच्या तोंडाकडं बघून आत काय चाललंय ते ओळखणाऱ्या बाई होत्या त्या. पण त्यांनी माझ्या केसांतला कापूस काढणं थांबवलं नाही, की चहा पातळ केला नाही. खेळ मात्र कमी होत गेला. गड्याला घेऊन त्या आता भिकाऱ्याकडं जात, त्याला औषध देत आणि यंत्र बंद करत. पुढं लेकीनं त्यांना कायमचं जालन्याला नेलं. सामान बांधताना यंत्राची पेटी त्यांनी माझ्या हातात दिली.

"घेऊन जा. तुमाला गोडी लागलीय. म्हंजे लागल असं वाटतंय."

"तुमच्याकडं राहू द्या, सिस्टर."

"कशाला? त्यात आता माझं कोण हाय?"

मी आता परभणीला घरी असतो. पन्नाशी उलटली, जिनिंगचं काम सुटलं. यंत्र बैठकीत आहे. मी नव्यानं एक गडी उघडला आणि कुत्र्यापासून सुरुवात केली. मरतो, कारण सांगतो, उठतो. आता मरायची लाज वाटत नाही. बायको आधी म्हणायची, "ह्या वयात काय हे?" हल्ली स्वयंपाकघरातूनच विचारते, "आज कशानं गेलाव?" मी म्हणतो, "न बघता." ती म्हणते, "बघत जा की मग."

माझा गडी आता बुडालेल्या देवळाच्या पायऱ्यांवर उभा आहे. कित्येक दिवस तिथंच आहे. पाण्यात मी त्याला उतरवलेलं नाही. पाण्याखाली हिरवं काहीतरी हलतं ते वरूनच दिसतं. यंत्र पेटीत घालायचं, गाडीत बसायचं आणि जालना गाठायचं, एवढंच आहे. गाड्या पुष्कळ आहेत. मी रोज पेटी पुसतो.

मी सिस्टरांना एक जिवंत नाग देणं लागतो, पांढरी साय आलेल्या डोळ्यासकट. आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर देणं लागतो. तो हावंनं गेला, सिस्टर. माझ्या.